चौथी बाजू

भाव विचारला की जाळीवाले अण्णा उकिडवे बसत. "किती होतील?" असं आपण विचारावं, आणि साठी ओलांडलेल्या माणसाने उत्तर देण्याऐवजी अंगणाच्या मधोमध गुडघे मोडून बसावं, डोळे बारीक करून चहूकडे बघत राहावं, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना चक्कर आली. मी पाणी आणायला धावले. तांब्याभर पाणी शांतपणे पिऊन ते म्हणाले, "बाई, तुमची पोरगी एवढीच हाय ना उंचीला? तिला दिसतं तेवढं मला दिसाय पायजे. मग भाव."

आमची वस्ती कर्जत तालुक्यात, गावापासून लांब. घराच्या मागच्या अंगाला शेजाऱ्यांचा ऊस अगदी धुण्याच्या दगडापर्यंत आलेला. घरात आम्ही चौघं: नवरा, सासरे नाना, चार वर्षांची चिऊ आणि गावातल्या शाळेत शिकवणारी मी. त्या हिवाळ्यात पलीकडच्या वस्तीवरून बिबट्याने आधी शेळी नेली, मग गोठ्यातलं वासरू. पिंजरा लागला, त्यात गावातलंच कुत्रं अडकलं. मी चिऊला घरात कोंडून ठेवायला लागले. ती खिडकीचे गज धरून "मला सोड ना गं" म्हणून ओरडायची आणि मी बाहेर धुणं आपटत रडायचे. घराला कुंपण घालायचं ठरलं ते त्या रडण्याला कंटाळून.

पण कुंपणाला नक्की किती लागतील हे सांगणारा माणूस काही मिळेना. एकाने फोनवरच आकडा फेकला. वस्ती कुठे आहे हेसुद्धा त्याने विचारलं नाही. दुसऱ्याने घराचे फोटो मागवले आणि मोबाईलवर छान रंगीत कोटेशन पाठवलं, खाली बारीक अक्षरात "इतर खर्च वेगळा". हे इतर खर्च म्हणजे काय ते आमच्या शाळेतल्या बाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्या घराचं कुंपण सुरू झाल्यावर खड्डे घेताना भाव वाढला, फाटक बसवताना वाढला, आणि शेवटी निम्म्या जाळीवरच माणसं निघून गेली. त्याच म्हणाल्या, "नागापूरच्या अण्णांना बोलवा. जास्त सांगतील, पण सांगतील तोच शेवटचा."

अण्णा एका वर्कशॉपमध्ये निम्मा जन्म वेल्डिंग करून मग या धंद्यात पडलेले. फोनवर ते फक्त "येतो" एवढंच म्हणत. फारच आग्रह केला तर म्हणत, "फोनवर जमीन दिसत न्हाई, बाई." आले की टेपच्या आधी पहार काढत आणि प्रत्येक कोपऱ्यात खोल घालून बघत. आमच्याकडे पुढे मुरूम लागला, मागे काळी माती. काळ्या मातीत खांब पावसाळ्यानंतर कलतात, म्हणून तिथे खड्डा खोल आणि काँक्रीट जास्त, असं त्यांनी नानांना समजावून सांगितलं. नाना मातीत जन्मलेले. त्यांना ते ठाऊक होतंच, पण कुणीतरी विचारतंय याचंच त्यांना बरं वाटत होतं.

आणखी एक रीत होती त्यांची. भाव एकट्याला सांगायचा नाही. घरातली सगळी माणसं अंगणात बोलवायची, म्हाताऱ्यासकट, लेकरासकट, आणि मग मोठ्याने एकदाच बोलायचं. त्यात अँगल, जाळी, फाटक, टेम्पोचं भाडं, माणसांचं जेवण, सगळं आलं. "आता ह्याच्यात वाढ न्हाई आन घटबी न्हाई," म्हणाले. आकडा ऐकून आमच्या घरातली सगळी मोठी माणसं एकदम आपापल्या पायाकडे बघायला लागली. चिऊ तेवढी आनंदाने टाळ्या वाजवत होती.

घासाघीस करायचं काम नानांनी अंगावर घेतलं. त्यात ते पटाईत. "अण्णा, असं करा, मागची बाजू सोडून द्या. तिकडं ऊस हाय की. दाट उभाय, भिंतच हाय ती. तीन बाजूंचा भाव सांगा." आमच्या भागात हे सगळेच करतात. उसाची बाजू मोजतच नाहीत. माझ्या नवऱ्यानेही मान हलवली. मी काही बोलणार तेवढ्यात अण्णांनी टेप गुंडाळला, पहार उचलली आणि चपला घालायला लागले.

"अहो, रागावताय काय?" नाना म्हणाले.

"राग न्हाई, नाना. तीन बाजूंचं कुंपन मी करत न्हाई." मग पुन्हा खाली बसले. या वेळी मात्र उकिडवे नाही, मांडी घालून. "एकदा केलंय. राहुरीकडं माझी बहीन ऱ्हाती, आक्का. तिच्या घराला मीच घातलं. दाजी असंच म्हनले, ऊस हाय तिकडून, उगं खर्च कशाला. म्हनलं, बहिनीच्या घरी कुठं वाद घालायचा. तीन बाजूंचा भाव काढून दिला. आक्काचा नातू बिबट्यानं त्याच बाजूनं नेला. भर सकाळी, अंगनातनं. माझं कुंपन तीन बाजूंनी चांगलं घट्ट उभं हुतं."

नानांनी मागे वळून उसाकडे बघितलं. "उसाला आपुन भिंत समजतो," अण्णा म्हणाले. "त्याची ती वाट हाय."

मागची बाजू ठरली. माझ्या पाटल्या मोडल्या. त्याचं मला काही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

काम अण्णांनी उभं राहून करून घेतलं. जाळीचा खालचा काठ काँक्रीटमध्ये गाडला, वरचे अँगल बाहेरच्या बाजूला वाकवले. फाटकाची कडी चिऊचा हात पोचणार नाही इतकी वर बसवली, आणि पोचत नाही ना हे तिच्याकडूनच पुन्हा पुन्हा करून बघितलं. चिऊ भयंकर चिडली. "अण्णा वाईट आहेत," असं तिने त्यांच्या तोंडावर सांगितलं. "व्हय गं माय," अण्णा म्हणाले, आणि वळून बराच वेळ हातोडी शोधत राहिले. हातोडी त्यांच्या हातातच होती.

पुढे उसाला तोड आली. मागचं रान मोकळं झालं आणि तोडणीवाल्या बायांनी मला हाक मारली. जाळीला लागून, बाहेरच्या अंगाने, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक वाट मळलेली होती. पाणी दिलेल्या मऊ मातीत पंजे उमटलेले. जुन्यांवर नवे, नव्यांवर आणखी नवे. कितीतरी दिवस ते जनावर तिथे येऊन फट शोधत होतं. जाळीच्या अलीकडे, हाताच्या अंतरावर, चिऊची भातुकली मांडलेली होती. मी तिथेच धुण्याच्या दगडावर बसले आणि अण्णांना फोन लावला.

दुसऱ्याच दिवशी ते टेम्पो घेऊन आले. ती मळलेली वाट न्याहाळत ते अंगणात उकिडवे बसले. मला वाटलं, समाधानाने काही बोलतील. पण त्यांनी जाळीत बोटं अडकवली आणि हमसून हमसून रडले. चिऊ त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. तिला कळेना, आपण तर वाईट म्हणणं कधीच सोडून दिलंय, मग हे का रडतात.

गेल्या दिवाळीनंतर अण्णा गेले. पोटाचं दुखणं होतं, त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. मी घरच्यांना भेटायला नागापूरला गेले. आतल्या खोलीत भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. माझं नाव-गाव ऐकून तिने मान वर केली. "चिऊची आई का तुमी? लई सांगायचा तिचं. बरी हाय ना?"

ती आक्का होती. मी तिचा हात धरला. ती खालच्या आवाजात, रोजचं काही सांगावं तशी बोलत राहिली.

"दर भाऊबीजेला टेम्पोत जाळी घालून यायचा. चौथी बाजू घालतो म्हनायचा. मी ओवाळायचे आन जाळी माघारी धाडायचे. पोरगा-सून तवाच घर सोडून गेली, हे गेल्यामागं मी एकलीच. मी म्हनायचे, आता आत कोन हाय रं राखायला? यंदा मातूर त्यानं दारात उतरवली. म्हनला, आक्का, परत चढवायचं बळ न्हाई, ऱ्हाऊ दे, पुढच्या साली नेतो." तिने पदराने तोंड पुसलं. "मला ती लावायची न्हाई, बाई. पन आता न्यायला कोन येनार?"