उतारावर थांबणारी गाडी

उजवा हात खिडकीतून पार खांद्यापर्यंत बाहेर काढायचा, तळवा वर करायचा आणि चार बोटं आपल्याकडे हलवत म्हणायचं, "या पावणं, या. सावकाश या." हे आमचा ड्रायव्हर दारात आलेल्या पाहुण्यांना म्हणत नसे. चिंचपोकळीच्या पुलावर, सकाळी दहाच्या गर्दीत, आमच्या कारखान्याची गाडी उताराच्या मध्यावर उभी करून, समोरून चढणाऱ्या हातगाडीवाल्यांना म्हणत असे. मागे मोटारींची ही रांग लागलेली, आणि जो तो हॉर्नवर हात दाबून बसलेला.

त्या दिवसांत तुम्ही लालबाग-परळकडे राहत असाल, तर ती हिरवी गाडी तुम्ही पाहिली असेल आणि बहुतेक तिला शिव्याही घातल्या असतील. मीही घातल्या. मी तर गाडीच्या आत बसून घातल्या.

आमचा वह्यांचा कारखाना लालबागला होता. मी तिथे माल पोचवणारा कारकून, जन्माचा गिरगावकर. सकाळी गठ्ठे गाडीत भरायचे, दादरपासून गिरगावपर्यंतच्या दुकानांत उतरवायचे, पोच घ्यायची आणि परत यायचं. जुन्या ड्रायव्हरची नजर कमी झाली म्हणून मालकांनी हा नवा आणला. साताऱ्याकडचा. पंधरा वर्षं घाटात ट्रक चालवलेला. चाळिशीचा, अंगाने किरकोळ, पण मिशा दोन माणसांत वाटून घेता येतील एवढ्या. पहिल्या दिवशी मला म्हणाला, "भाऊसाहेब, रस्ता तुम्ही दावा, गाडी मी बघतो." मला बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत माझं डोकं उठलं.

हा माणूस गिरगावात प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवी, तोही चांगला लांबलचक. एका चाळीतले आजोबा पूजा अर्धी टाकून, हातात घंटा तशीच घेऊन गॅलरीत आले. "काय रे, आग लागली आहे का कुठे?" याने खालून नमस्कार केला. "न्हाई आजोबा, वळण हाय."

मी म्हटलं, "अहो, इथे काय दरी आहे? हे गिरगाव आहे."

"वळणापल्याड काय हाय, दिसतंय का तुमास्नी?"

दिसत नव्हतं. पण गिरगावात ते कधीच कुणाला दिसलेलं नाही आणि आमचं काही अडलेलं नाही, असं मी त्याला ऐकवलं. तो हसला आणि पुढच्या वळणावर पुन्हा हॉर्न वाजवला.

सीटखाली गोणपाटात गुंडाळलेला एक तिकोनी दगड असे. गाडी कुठेही उभी केली की हा उतरून तो दगड मागच्या चाकाला लावणार. दादरच्या सपाट रस्त्यावरसुद्धा, जिथे सांडलेलं पाणीही धड कुठे वाहून जात नाही. दुकानदार बघायचे आणि माझ्याकडे बघून हसायचे. लाज मला वाटायची, त्याला नाही. "सवय मोडली की एक दिवस नडतंय," एवढंच म्हणायचा आणि दगड झटकून पुन्हा आत ठेवायचा.

हे सगळं मी सोसलं असतं. पण तो पूल. घाटातला त्यांचा कायदा असा, की चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. भरलेली गाडी चढावर थांबली तर पुन्हा हलत नाही, मागेच यायला बघते. म्हणून उतरणाऱ्याने कडेला थांबायचं आणि हाताने बोलवायचं. आता पुलावर चढतं कोण? हातगाड्या. गिरणीच्या कापडाच्या गाठी रचलेली गाडी, पुढे एक जण दांडीला, मागे दोघे ढकलायला. एवढं वजन सरळ चढत नाही. मग ते गाडी तिरकी घालतात, या कडेपासून त्या कडेपर्यंत आणि तिथून पुन्हा इकडे, म्हणजे सगळा रस्ताच त्यांचा होतो. आम्हा मुंबईकरांचा नियम सोपा होता. ज्याचा हॉर्न मोठा, त्याची वाट. हॉर्न ऐकला की ते तिघे मध्येच थांबायचे, मागचे दोघे गाठींना छाती लावून गाडी धरून ठेवायचे, आणि आम्ही झूप करून निघून जायचो.

हा थांबायचा. रोज. "चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, भाऊसाहेब."

"अहो, पण ती हातगाडी आहे."

"मग तर इंजानबी माणसंच झाली की."

मागचे मोटारवाले काय काय बोलायचे ते लिहिण्यासारखं नाही. "ए घाटी, बैलगाडी हाक" हे त्यातलं सगळ्यात सभ्य. तो खिडकीतून मागे मान काढून सांगायचा, "घाटावरचाच हाय की. थांबा जरा." हातगाडी शेजारून वर गेली की दांडीवाला याच्याकडे बघून मान हलवायचा. महिन्याभरात त्या पुलावरच्या सगळ्या हातगाडीवाल्यांना आमची गाडी ओळखू येऊ लागली. वरून हिरवी गाडी दिसली की ते खुशाल तिरके घुसायचे.

आता मला ज्याचा अजून संताप येतो ते सांगतो. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. भिंतीभिंतीवर "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे". आमचे मालकही गिरगावचेच, सभेला पुढच्या रांगेत बसणारे. सभेसाठी कारखान्याची गाडी त्यांनी हौसेने दिली होती आणि माणसं भरभरून नेली कुणी? यानेच. आम्ही घसा बसेपर्यंत ओरडत होतो की सातारा आमचा, कोल्हापूर आमचं, घाट आमचा आणि घाटाखालचंही आमचं. आणि त्या महाराष्ट्रातला एक माणूस पुलावर आमच्यापुढे दोन मिनिटं थांबला, तर तो लगेच घाटी. जसे काही आम्ही मुंबईत उगवलो होतो. माझे आजोबा कोकणातून वळकटी घेऊन बोटीने आले होते, तेव्हा त्यांनाही कुणीतरी असंच हाकललं असेल. त्या वेळी हे मला सुचलं नाही. त्या वेळी मला फक्त उशीर होत होता.

त्याची बायको आणि मुलगी गावी होती. वर्ष भरलं की त्याला नोकरीत कायम करायचं, असं मालकांनी कबूल केलं होतं. कायम झाला की घोडपदेवला खोली घ्यायची आणि जूनमध्ये पोरीला इथल्या शाळेत घालायची, एवढं एकच त्याच्या मनात होतं. एकदा वाटेत त्याने मला शाळेचा अर्ज लिहायला लावला. मी गठ्ठ्यावर कागद ठेवून लिहिला. त्याने तो हातभर लांब धरून बोट फिरवत वाचला आणि म्हणाला, "अक्षर ब्येस हाय तुमचं. मास्तर काढून टाकायचा न्हाई ह्यो अर्ज." मग लायसनच्या पाकिटात घडी करून ठेवला. वर्ष भरायला तेव्हा तीन आठवडे राहिले होते.

त्याच आठवड्यात ते झालं. पुलावर आम्ही उतरत होतो, समोर गाठींनी भरलेली हातगाडी तिरकी आली होती. याने नेहमीसारखा हात बाहेर काढून खालीवर हलवला, म्हणजे मागच्यांना इशारा दिला, आणि सावकाश थांबला. मागून एक नवीकोरी मोटार येऊन आमच्यावर आदळली. आमच्या गाडीला पोचाही आला नाही. मोटारीचा दिवा फुटला. आतून उतरले ते नेमके आमच्या मालकांचे मेहुणे.

"पुलावर गाडी थांबवतात का रे?"

"समोर माणसं चढत्यात, बघा की."

"माणसं कसली? हातगाडी आहे ती."

याने आधी हातगाडीला वर जाऊ दिलं, मग फुटलेल्या काचा रस्त्यातून उचलून कडेला ठेवल्या, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून.

दुपारी मालकांनी मला आत बोलावलं. मेहुणे शेजारी बसले होते. मालक म्हणाले, "तुम्ही ड्रायव्हरच्या बाजूला होता. काय झालं ते लिहून द्या. कारण नसताना उतारावर गाडी थांबवली, असं."

"हातगाडी होती, साहेब."

"हातगाड्या रोज असतात. रोज कुणी थांबतं का? मग ते कारण झालं का?"

सांगा, यावर काय बोलायचं? आज मला चार उत्तरं सुचतात. त्या दिवशी एकही सुचलं नाही. खरं सांगायचं तर मी शोधलंच नाही. मनात एक कोपरा असाही होता, की बरं झालं, आता वेळेवर तरी पोचू. मी लिहिलं. हातगाडी लिहिली नाही, हाताचा इशारा लिहिला नाही. खाली सही केली.

संध्याकाळी त्याला हिशेब करून निघायला सांगितलं. जाताना तो माझ्या टेबलापाशी आला. कागद अजून तिथेच होता. "बघू का?" म्हणाला. मी नाही म्हणू शकलो नाही. त्याने तसाच हातभर लांब धरून, बोट फिरवत, एकेक शब्द वाचला.

"भाऊसाहेब, हातगाडी राहिली जणू लिवायची."

मी दौतीचं झाकण लावत बसलो. ते कधीच लागलेलं होतं.

त्याने कागद जागेवर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून वर माझी पट्टी ठेवली, आणि म्हणाला, "अक्षर मात्र ब्येस हाय." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. दगड त्याने नेला नाही. "गाडीचा हाय, गाडीत ऱ्हाऊ द्या," म्हणाला. त्यानंतर तो मला कधी दिसला नाही. त्याची मुलगी कुठल्या शाळेत गेली, गेली की नाही, मला माहीत नाही.

नवा ड्रायव्हर आमच्याच गिरगावातला, चटपटीत. गल्लीत हॉर्न नाही, पुलावर थांबणं नाही. पहिल्याच दिवशी सीटखालचा दगड त्याने कारखान्याच्या आवारात भिरकावला. आम्ही दुकानांत वेळेआधी पोचू लागलो. मालक खूश होते, आणि मीही खूश आहे असं स्वतःला सांगत होतो.

पाचव्या दिवशी पुलावर आम्ही भरधाव उतरत असताना खालून हातगाडी येत होती. दांडीवाल्याने वर पाहिलं, हिरवी गाडी ओळखली आणि निर्धास्तपणे आपली हातगाडी आडवी घातली. मी ओरडलो, "थांब, थांब रे." नव्या ड्रायव्हरने हॉर्न दाबला आणि कडेने गाडी काढायला गेला. दांडीवाला दचकून थबकला, हातगाडी मागे घसरली, मागच्या दोघांतला एक बाजूला फेकला गेला आणि दुसऱ्याचा हात चाक आणि कठडा यांच्यामध्ये सापडला. कुणीतरी म्हणालं, "चाकाला दगड लावा आधी." मी खाली उतरलो होतो, तसाच धावत आमच्या गाडीकडे येऊन सीटखाली हात घातला. तिथे रिकामं गोणपाट होतं.

लोकांनी खांदे लावून हातगाडी पुढे ढकलली आणि त्याचा हात सोडवला. मनगटाखाली काही धड राहिलं नव्हतं. मी माझ्या रुमालाने जमेल तसं बांधलं आणि त्याला आमच्याच गाडीत घातलं. दांडीवाला माझ्याकडे बघत होता. रागाने नव्हे, त्याला काही कळत नव्हतं.

"गाडी तुमचीच न्हवं? हिरवी? ती थांबती, म्हणून आडवं घातलं आमी. ते डायवर आज न्हाईत का?"

"नाहीत," मी म्हणालो. "येणारही नाहीत. यापुढे ही गाडी थांबेल असं धरून चालू नका."

त्याने गाडीकडे पाहिलं, मग पुलाच्या पायथ्याकडून वर येणाऱ्या दुसऱ्या हातगाडीकडे.

"मग समद्यास्नी सांगाय पायजे," तो म्हणाला, आणि हात वर करून त्यांना थांबवायला उतारावरून खाली धावत गेला.