ट्रान्झिस्टरचा स्टँड
परवा दुकानात, गाडीत फोनवर नकाशा बघता यावा म्हणून होल्डर निवडताना नव्या रबराचा वास आला आणि सिल्वासातली आमची जुनी फियाट आठवली. वडील तिथे सरकारी नोकरीत होते. रविवारी आम्ही दुधनीला पाण्याकाठी जायचो, तेव्हा आई पुढच्या सीटवर ट्रान्झिस्टर मांडीवर धरून बसायची. रस्ता वळला की मुंबई केंद्र खरखरायचं, मग ती तो हळूच फिरवून गाणं परत आणायची. "हात भरून येतात हो माझे," एकदा ती म्हणाली आणि वडिलांनी ते मनावर घेतलं. शेजारी धुळ्याकडचे एक फिटर राहायचे. त्यांनी डॅशबोर्डवर बसणारा, हवा तसा फिरणारा स्टँड करून दिला, आतून जाड रबर लावून. "आता बघा साहेब, एकदम बराबर!" खरंच, पुढच्या रविवारी दुधनीला जाताना खड्ड्यातही ट्रान्झिस्टर हलेना. वळणावर वडीलच तो एका बोटाने फिरवत होते. आईचे हात मोकळे झाले आणि वाटेतलं रांधा गाव मागे पडायच्या आत तिला झोप लागली. वडील एकदोनदा काही बोलायला वळले, तिला झोपलेली पाहून पुन्हा रस्त्याकडे बघू लागले. परतताना गाडी सुरू करण्याआधी त्यांनी ट्रान्झिस्टर काढून तिच्या मांडीवर ठेवला. "स्टँडवर फार खरखरतो. तूच धर." मी मागेच बसलो होतो, गाणं सगळी वाट स्वच्छ लागलं होतं. "हा घ्या, फोन अजिबात सुटणार नाही," दुकानदार म्हणाला. शेजारी उभ्या बायकोने विचारलं, "घेतोयस ना?" मी होल्डर परत ठेवला आणि म्हटलं, "राहू दे. रस्ता तूच सांग."