बाईंचे रविवार

वसतिगृहात मला पळपुटी म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. नव्वदच्या सुमारास पेठकडच्या डोंगरातून आणून मला नाशिकच्या शाळेत टाकलं. मी मुलींना चावायचे, ताटं आपटायचे आणि संधी मिळाली की फाटकावरून उडी मारायचे. जाताना आई म्हणाली होती, "आम्ही द्राक्षात मजुरीला चाललो." आमच्याकडे भात आणि नागली. द्राक्षाचा मळा म्हणजे नाशिकजवळ कुठेतरी एकच असणार, हे माझ्या डोक्यात पक्कं. दिसेल त्या एसटीत चढायचं, वेलींचे मांडव दिसले की उतरायचं आणि आईला हाका मारत फिरायचं. मग कुणीतरी धरून परत आणायचं.

शेवटी मुख्याध्यापकांनी ठणकावलं, पुन्हा पळाली तर नाव काढून टाकू. गावी तर घराला कुलूप होतं.

वर्गाच्या बाईंनी फक्त कुठे कुठे शोधलंस ते विचारलं. ऐकून हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रविवारी आपण दोघी जाऊ. पण मला न सांगता फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही."

मग आमचे रविवार मळ्यांत जाऊ लागले. कधी दिंडोरीकडे, कधी पिंपळगावकडे. बाई मुकादमाला विचारत, तो नाही म्हणे, आम्ही बांधावर बसून भाकरी खात असू. रविवार बुडू नये म्हणून आठवडाभर मी गरीब गाय. एसटीच्या पाट्या वाचता वाचता वाचायलाही शिकले.

भरथंडीत एकदाची आई सापडली. हातातल्या मगात द्राक्षं फुगवायचं औषध, त्यात वेलीवरचा एकेक घड बुडवत होती, हात कोपरापर्यंत ओले. "जेवलीस का गं?" एवढं विचारलं आणि मुकादमाकडे बघत पुढच्या वेलीकडे सरकली. मला वाटलं होतं, ती मला घेऊन जाईल. परतीच्या एसटीत मी खूप रडले. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यानंतर मी पळाले नाही. पळून जावं असं ठिकाणच उरलं नव्हतं.

बाईंनी रविवार मात्र सोडले नाहीत. मला घरी नेत, जेवू घालत, अभ्यास घेत. पुढे मी नर्स झाले, नाशिकरोडला खोली घेतली, तरी रविवारी त्यांच्याकडे जायचे. एकदा विचारलं, माझ्यासारख्या वाह्यात पोरीपायी एवढे रविवार का घालवलेत?

बाई मेथी निवडत होत्या. "घालवले कुठे? हे गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी घर खायला उठायचं. तुझी आई सापडली ना, त्या दिवशी मलाही रडू येत होतं. वाटलं, आता ही कशाला येईल माझ्याबरोबर."

त्या माउलीला मी तेव्हाच जवळ घ्यायला हवं होतं. मी मेथीची जुडी पुढ्यात ओढली आणि निवडू लागले.

आता बाई नाहीत. रविवारची ड्यूटी मी मागून घेते. बाकीच्यांना वाटतं, काय कामाची हौस. दुपारी भेटायची वेळ झाली की वॉर्डातली एखादी म्हातारी विचारते, सिस्टर, माझ्या घरचं कुणी आलंय का हो? कुणी येणार नाही हे बहुतेक वेळा मला ठाऊक असतं. तरी मी फाटकापर्यंत जाऊन बघून येते.