उतारावर मारलेलं पाणी

धनराज काकांना मी दोनदा मारलं.

एकदा उतारावर. एकदा रिपोर्टमध्ये.

आज त्यांना जाऊन चार वर्षं झाली. दरवर्षी मी त्यांचा हसरा फोटो टाकतो आणि तुम्ही हात जोडता. यंदा फोटो नाही.

साकोलीकडे आमची लँडफिलची साइट होती. कचऱ्यासाठी खोल खड्डा, त्याच्या उतारावर जाड काळी प्लास्टिकची शीट, म्हणजे लायनर. घाण पाणी जमिनीत मुरू नये म्हणून. आणि शीट उन्हाने खराब होऊ नये म्हणून तिच्यावर मातीचा थर.

काका त्या मातीकामाचे मुकादम. गावच्या तलावाची पाळ खचली की पहिलं बोलावणं त्यांनाच. आपण बांधलेली पाळ कधी हलली नाही, हे ते दिवसातून चारदा सांगायचे.

आम्ही इंजिनिअर लोक पाठीमागे हसायचो.

त्या दिवशी पाहणीला मोठे साहेब येणार होते. काका पाइप घेऊन उतारावरच्या मातीवर पाणी मारत होते.

"काका, काहून पाणी मारून राहिले?"

"ओली केल्याबिगर माती धरत नाई, साहेब. पाळीवर आमी असंच करतो."

पाळीवर ते खरंच आहे. तिथे मातीखाली माती असते. इथे खाली गुळगुळीत प्लास्टिक. पाणी त्यात मुरत नाही, मध्येच साचतं, वरचा थर जड होतो आणि सुटतो.

हे काकांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

मला माहीत होतं. या विषयात कॉलेजात चांगले मार्क होते माझे.

पण पाण्याने उडती धूळ बसत होती, आणि साहेबांची गाडी निघाली होती.

मी म्हणालो, "मारा, मारा. बरं केलं."

काका केवढे खूश झाले. इंजिनिअरने पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं होतं.

जेवणाच्या सुट्टीआधी अख्खा थर चादर ओढावी तसा खाली आला. काका पायथ्याशी होते. त्यांना बाहेर काढलं तेव्हाही पाइप वाहतच होता. तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

रिपोर्ट मी लिहिला. 'मजुराने परस्पर पाणी मारल्यामुळे.'

परस्पर हा शब्द माझा. वरच्यांना फार आवडला. पुढच्या वर्षी प्रमोशन मिळालं.

मागच्या महिन्यात साकोलीच्या बसस्टँडवर काकू भेटल्या. पाळ दुरुस्तीला यंदा त्यांच्या मुलाला कोणी बोलावलं नाही.

"लोक म्हणतेत, याच्या बापाले माती कळत नव्हती. साहेब, तुमी त रोज संग होते. खरंच त्याईले कळत नव्हती का?"

मी म्हणालो, "काकू, तुमची बस लागली."

एवढंच म्हणालो. बसमध्ये पिशवी चढवून दिली आणि घरी येऊन जेवलो.

काकूंचा मुलगा माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे. बापू, हे आईला वाचून दाखव. मग पाळीवर माणसं जमतील तेव्हा तिथेही वाच.

तुझ्या बापाला माती कळत होती. शीट मला कळत होती. आणि पाणी मारा, असं मी म्हणालो होतो.

बाकीच्यांनी हात जोडायचे तर काकांना जोडा. माझं सांत्वन करू नका.

काका, श्रद्धांजली वाहायची माझी लायकी नाही.