बरणीचं झाकण

रबाळ्याच्या आमच्या लॅबमध्ये कोळसा दळायचं काम काकांचं. काका म्हणजे आमचे लॅब असिस्टंट; केस पांढरे झाले तरी अजून कंत्राटावरच. कोळसा दिसायला नुसता काळा दगड, पण त्यात जुन्यापुराण्या झाडांची साल असते, पानांवरचं मेण असतं, जळकं लाकूड असतं. पिठासारखा दळला की हे सगळं सुटं होतं. मग तो ठरावीक घनतेच्या द्रवात टाकायचा. हलकं वर तरंगतं, जड तळाला बसतं. हा द्रव दोन रसायनं मिसळून करायचा. त्यातलं हलकं रसायन उघडं राहिलं की उडून जातं आणि उरलेला द्रव जड होत जातो.

त्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट द्यायचा होता. मी नमुना द्रवात टाकून मशीनमध्ये फिरवला आणि बघते तर काय, सगळंच वर! तळाला चिमूटभरसुद्धा नाही. माझं डोकंच सटकलं.

"काका, हे काय जाडंभरडं दळून ठेवलंय? सुटं कसं होणार?"

"मॅडम, मी काय म्हणतो..."

"काही म्हणू नका! वाट लावलीत सगळी!"

माझा आवाज ऐकून सर केबिनमधून बाहेर आले. आधीच टेन्शनमध्ये होते, त्यात मी तिखटमीठ लावून सांगितलं. "उद्यापासून येऊ नका," ते काकांना म्हणाले. काकांनी डबा उचलला. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. आपल्यावर आलं नाही ना, बास.

पेन काढायला अॅप्रनच्या खिशात हात घातला, तर हाताला झाकण लागलं. द्रवाच्या बरणीचं. सकाळी घनता मोजली, फोन वाजला आणि बरणी तशीच उघडी राहिली, पंख्याच्या झोतात, दुपारभर. पुन्हा मोजलं. द्रव चांगलाच जड झाला होता; त्यात सगळंच तरंगणार.

आधी सरांना सांगितलं. ते काय बोलले ते ऐकायला थांबले नाही, धावतच खाली गेले. काका गेटवर आयकार्ड परत करत होते.

"काका, थांबा! चूक माझी होती. बरणी मी उघडी ठेवली. सरांना सांगितलंय मी."

"माहितीये मला," काका म्हणाले. "झाकण खिशात टाकताना बघितलं मी तुमाला. वाटलं, लावाल लगेच."

"मग बोलला का नाहीत?"

"तेच तर सांगत होतो, मॅडम. तुमी बोलू कुठं दिलंत?"