दोन्हीले हव

आमच्या काकाजींना न्यायला यम आला, तर काकाजी तासभर 'जावं' या बाजूने बोलतील, मग तासभर 'जाऊ नये' या बाजूने, आणि शेवटी यमच रेड्यावर डोकं टेकून झोपी जाईल, याविषयी रायपूरच्या अख्ख्या बुढापारा मोहल्ल्यात दुमत नाही. दुमत असतं ते काकाजींचंच, स्वतःशी. काकाजी म्हणजे माझ्या बायकोचे चुलते, रेल्वेतून रिटायर झालेले. जन्ममरणाचे प्रश्न हा त्यांचा खास प्रांत. भाजी कोणती करू म्हणून काकूंनी विचारलं तर त्यांना एकही बाजू सुचत नाही. पण किडनी कोणी कोणाला द्यावी असं काही निघालं की चहा गार होतो. एकदा मराठी मंडळात देहदानावर त्यांचं भाषण होतं. मध्यंतरापर्यंत ते असे बोलले की पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत फॉर्म मागू लागल्या. समोसे खाऊन काकाजी पुन्हा उभे राहिले आणि त्यांनी विरुद्ध बाजू मांडली. शेवटी पाहुणे म्हणून आलेले डॉक्टरच "अंकलजी, मुझे भी घर में पूछना पड़ेगा" म्हणत स्वतःचा फॉर्म खिशात घालून गेले.

माझ्या मेव्हणीला मूल होत नव्हतं. ती म्हणे टेस्ट ट्यूब करू, नवरा म्हणे नको. काकाजी मध्यस्थीला गेले. बैठकीत त्यांनी नवऱ्याला 'करा' पटवलं आणि स्वयंपाकघरात तिला 'नको' पटवलं. दोघांनाही पटलं. भांडण तसंच राहिलं, फक्त माणसांनी बाजू बदलल्या. "काहून जी त्यायले घोळात टाकून राहिले?" काकू कडाडल्या. "आता दोघायलेही दोन्ही बाजू माहीत झाल्या," काकाजी शांतपणे म्हणाले, "आता जे ठरवतीन ते पक्कं ठरवतीन." आणि तसंच झालं. त्यांची पोट्टी आता शाळेत जाते आणि मराठीतल्या प्रत्येक प्रश्नाला हिंदीत उलटा प्रश्न विचारते. काकू म्हणतात, काचेच्या नळीतून आली तरी वळण घरचंच.

यापुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. माझे बाबा दवाखान्यात बेशुद्ध होते, श्वास अडत होता. आशा फारशी नाही, असं सांगून डॉक्टरांनी व्हेंटिलेटर लावायचा का म्हणून विचारलं. मी एकुलता एक. मी काकाजींना बोलावलं. खरं सांगतो, सल्ल्यासाठी नव्हे. त्यांच्या बोलण्यात वेळ जाईल आणि तोवर माझ्याविनाच काहीतरी ठरून जाईल, म्हणून. काकाजी माझ्याशेजारी बाकावर बसले. "लावा मशीन, जवाईबापू. बापाचा श्वास आहे, तो थांबवणारे आपण कोण?" आणि लगेच, "नका लावू. ज्यायनं दाढीही कधी दुसऱ्याच्या हातानं नाही केली, त्यायच्या घशात नळी घालता?" डॉक्टर बाहेर आले. "अंकलजी, लगाना है?" आमच्या रायपुरात 'हो'ला 'हव' म्हणतात. "हव," काकाजी म्हणाले. "मतलब लगा दें?" "हव." "या रहने दें?" "हव, वो भी सही है." डॉक्टर माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "रहने दीजिए."

संध्याकाळी बाबा गेले.

तेरवीला आत्या भर पंगतीत म्हणाली, "काहून रे, मशीन काहून नाही लावली? माहा भाऊ वाचला असता." काकाजी वरण वाढत होते. ते थांबून म्हणाले, "त्यायनं बराबर केलं." सगळी पंगत घास हातात धरून दुसऱ्या बाजूची वाट पाहत राहिली. काकाजी पुढच्या पानावर वरण वाढू लागले.

त्यानंतर कोणीही तो विषय काढो, काकाजींचं तेवढंच एक वाक्य. परवा तलावाच्या काठावर शेंगा खाताना मी शेवटी म्हणालो, "काकाजी, लावा म्हणणारी ती बाजू एकदा सांगा ना. रोज मनात ऐकतो, पण मले धड मांडता येत नाही. तुम्ही मांडा."

काकाजींनी घसा खाकरला. "वय झालं, जवाईबापू," ते म्हणाले, "आता काही आठवत नाही पहा." मग ते शेंगा सोलत राहिले आणि दाणे माझ्या हातावर ठेवत राहिले.