परत आलेलं वजन

खडेबाजारातल्या दवाखान्यात मी पेशंटची वजनं घ्यायचो. वडगावची एक आक्का दर सोमवारी यायची. घरी माग चालवायची. चपला काढून, कमरेची किल्ली बाजूला ठेवून, श्वास रोखून ती काट्यावर चढायची. दोनदा वजन उतरवलं, दोन्ही वेळा ते परत आलं.

दुसऱ्यांदा परत आलं त्या दिवशी काटा बघून डॉक्टर मोठ्यानं म्हणाले, "चोरून खाता तुम्ही!"

बाकावरचे पेशंट हसले. मी मान खाली घातली. आक्का काट्यावरून उतरेचना.

"उपाशी ऱ्हाऊन उतरवलेलं परत का आलं? त्येवढं सांगा, मग जाते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "ते मला माहीत नाही, आक्का. त्याचं पक्कं कारण कुणी शोधलंय असं वाचलंही नाही."

"मग चोर कशाला म्हणलासा?"

डॉक्टर उठले आणि बाकांसमोर येऊन म्हणाले, "चूक माझी झाली."